४५ मिनिटांचा निरोप: ब्रिटनमधल्या क्रेमेटोरियममध्ये मराठी कुटुंबासाठी सेलेब्रंटचं काम

महाराष्ट्रात माणूस सकाळी गेला तर संध्याकाळपर्यंत बहुतेक सगळं आटोपलेलं असतं. तिरडी बांधणारे, मडकं धरणारे, गुरुजींना फोन लावणारे आपापल्या जागी आपोआप उभे राहतात. निरोप कसा द्यायचा, असा प्रश्न पडायला कोणाला वेळच मिळत नाही. ब्रिटनमध्ये मृत्यू आणि दहन यांच्यात सहज दोन-तीन आठवडे जातात. इंग्लंड आणि वेल्समध्ये मृत्यूचं कारण आधी मेडिकल एक्झामिनर (उपचारांशी संबंध नसलेले तपासणारे डॉक्टर) पाहतात (९ सप्टेंबर २०२४ पासून हे सक्तीचं आहे), त्यांचे कागद रजिस्ट्रारकडे गेले की ५ दिवसांत नोंदणी करायची, मग रजिस्ट्रारकडून दहनाला मोकळीक देणारा हिरवा फॉर्म मिळतो, आणि क्रेमेटोरियममध्ये वेळ मिळेल तेव्हा दहन. प्रकरण कोरोनरकडे (संशयास्पद किंवा कारण न कळलेल्या मृत्यूची चौकशी करणारा अधिकारी) गेलं तर आणखी उशीर. या मधल्या दिवसांत कुटुंबाला कोणीतरी विचारतं, "समारंभ कोण घेणार आहे?" तिथून सेलेब्रंटचं काम सुरू होतं.

सेलेब्रंट म्हणजे निरोपाचा कार्यक्रम बांधणारा आणि चालवणारा माणूस. तो गुरुजी नसतो आणि शोकसभेचा सूत्रसंचालकही नसतो. अंत्यविधी चालवण्यासाठी इथे कायद्याने कुठलाही परवाना लागत नाही. घरातला माणूस घेऊ शकतो, मंडळातली एखादी काकूही घेऊ शकते. ह्युमनिस्ट सेलेब्रंट देव-प्रार्थना न आणता कार्यक्रम घेतात. सिव्हिल सेलेब्रंट कुटुंबाच्या मर्जीप्रमाणे दोन्ही मिसळतात. मराठी घरांत बहुधा दुसरा प्रकार लागतो: मुलगा म्हणतो धार्मिक काही नको, आत्या म्हणते गीतेचा पंधरावा अध्याय झालाच पाहिजे, आणि सून इंग्रज असते. मानधन साधारण २०० ते ३०० पौंड असतं आणि ते बहुतेक वेळा फ्युनरल डायरेक्टरच्या (अंत्यविधीची सगळी व्यवस्था बघणारा व्यावसायिक) बिलातून येतं. मंडळातल्या ओळखीने कराल तेव्हा पैसे घ्यायचे की नाही हे पहिल्या फोनवरच सांगून टाका. मागाहून पाकीट पुढे आलं की दोघंही अवघडतात.

पहिला फोन

फोनवर पाच गोष्टी लिहून घ्या: तारीख आणि वेळ, क्रेमेटोरियम कोणतं, स्लॉट किती मिनिटांचा, किती माणसं येतील, आणि क्रेमेटोरियमच्या अर्जावर सही कोणाची आहे. शेवटचा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा. सही करणारा तो तुमचा यजमान. पुण्याहून थोरल्या काकांचा फोन येईल, मंडळाच्या अध्यक्षांचा येईल. त्यांचं ऐकून घ्यायचं, पण बदल करायचा तो सही करणाऱ्याने सांगितल्यावरच.

स्लॉट ३०, ४०, ४५ किंवा ६० मिनिटांचे असतात. त्यातच लोकांचं आत येणं, बसणं आणि बाहेर पडणंही धरलेलं असतं. वेळ ओलांडली तर कुटुंबाला जादा आकार पडू शकतो, आणि त्याहून वाईट म्हणजे पुढच्या घरची माणसं दारात ताटकळतात. मराठी कुटुंबाकडे ३० मिनिटांचा स्लॉट असेल आणि शंभरच्या वर माणसं येणार असतील, तर त्याच दिवशी फ्युनरल डायरेक्टरला सांगून लागोपाठचे दोन स्लॉट घ्यायला लावा. आठवडाभराने विचारलं तर पुढचा स्लॉट दुसऱ्या कोणाचा झालेला असतो.

याच फोनवर बहुधा तेराव्याचा प्रश्न निघतो. दहनच १७व्या दिवशी असेल तर दहावा-तेरावा कधी करायचा? मृत्यूपासून मोजायचं की दहनापासून, यावर गुरुजींची मतं वेगवेगळी असतात आणि प्रत्येकाकडे आधार असतो. सेलेब्रंटने इथे निवाडा करू नये. "तुमच्या गुरुजींना विचारा, ते जे सांगतील त्याला जागा ठेवून मी कार्यक्रम आखतो," एवढंच म्हणावं. लाकडाच्या चितेबद्दलही कोणी विचारतं. इंग्लंडच्या अपील न्यायालयाने २०१० मध्ये एका हिंदू अर्जदाराच्या बाजूने निकाल देताना भिंती असलेल्या वास्तूत अशी चिता कायद्यात बसू शकते असं म्हटलं होतं, पण रोजच्या व्यवहारात क्रेमेटोरियमची बंद भट्टी हाच पर्याय आहे.

घरी जाऊन बोलणं

यासाठी दीड तास ठेवा. प्रत्यक्ष घरी जाणं उत्तम, कारण घर बोलतं: देव्हारा कुठे आहे, कुठल्या खुर्चीचं कव्हर झिजलंय, फ्रिजवर कोणाच्या अक्षरातली यादी अजून तशीच आहे. निदान दोन पिढ्यांची माणसं समोर असू द्या. नुसती मुलं असली तर फक्त आई-बाबा कळतात. बायको, भाऊ किंवा जुना शेजारी असला की पंचविशीतला माणूस कळतो.

"त्यांचा स्वभाव कसा होता?" हा प्रश्न विचारू नका. उत्तर ठरलेलं आहे: प्रेमळ, कष्टाळू, सगळ्यांना धरून राहणारे. हे वर्णन कोणालाही चिकटवता येतं. त्याऐवजी असं विचारा: चहा कसा लागायचा? फोन उचलल्यावर पहिला शब्द काय असायचा? कशावरून चिडायचे? भारतातून परत येताना बॅगेत काय हमखास असायचं? नातवंडांशी कुठल्या भाषेत बोलायचे आणि नातवंडं कुठल्या भाषेत उत्तर द्यायची? घरातली कुठली वस्तू दुसऱ्या कोणी हलवलेली चालायची नाही? अशा प्रश्नांवर घरातले आधी एकमेकांकडे बघतात, मग कोणीतरी हसतं, आणि नंतरच्या २० मिनिटांत तुमचं अर्धं लेखन होऊन जातं.

वाक्यं जशीच्या तशी उतरवा आणि समासात कोणी सांगितलं ते लिहा. "बाबा म्हणायचे" हे मुलीने सांगितलं की जावयाने, याने फरक पडतो. सन-सनावळ्या दोन माणसांकडून तपासून घ्या. ब्रिटनला आल्याचं साल हमखास चुकतं: एकजण १९६७ म्हणतो, दुसरा १९६९. दोन्ही बरोबर असू शकतात, कारण आधी ते एकटे आले आणि दोन वर्षांनी बायको. एनएचएसमध्ये (ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत) आलेल्या त्या पिढीतल्या डॉक्टरांच्या घरांत हे फार दिसतं. जुना पासपोर्ट कपाटात असतोच, तो काढायला सांगा.

नावाचं वेगळं पान करा. मराठी बाईला निदान तीन नावं असू शकतात: कागदावर सुमन, माहेरी कुसुम, आणि गेली चाळीस वर्षं सगळ्यांची माई. शवपेटीवरच्या पाटीवर कागदावरचंच नाव येतं, आणि सभागृहातली निम्मी माणसं ते पहिल्यांदाच वाचत असतात. म्हणून पहिल्याच मिनिटात सगळी नावं घ्या, कोण कुठल्या नावाने हाक मारायचं ते सांगा आणि पुढे कुठलं वापरणार ते आधीच ठरवा. नातेवाइकांची नावं ज्या क्रमाने घ्यायची तो क्रम घरच्यांकडूनच लिहून घ्या. सुनेचं नाव राहिलं किंवा धाकट्याचं थोरल्याच्या आधी आलं, तर बाकीचा कार्यक्रम कितीही चांगला झाला तरी लक्षात राहतं ते हेच.

काही गोष्टी तुम्हाला कळतील पण बोलायच्या नसतात. पहिलं लग्न, मोडलेली भागीदारी, दहा वर्षं न बोललेला भाऊ. थेट विचारा: "यातलं काय बोलू नको?" आत्महत्येची शंका असेल तर चौकशी अजून कोरोनरकडे चालू असते, त्यामुळे मृत्यूचं कारण व्यासपीठावरून सांगू नये. कुटुंबाला त्याबद्दल काही म्हणायचंच असेल तर त्यांनी निवडलेला शब्द वापरा, तुमचा नको. नवशिक्यांनी अशी कामं आणि लहान मुलांची कामं एकट्याने अंगावर घेऊ नयेत.

विधी कुठे, कार्यक्रम कुठे

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. कुटुंबाला वाटतं की सगळं क्रेमेटोरियममध्येच करायचं: तुळशीपत्र, गंगाजल, पिंड, हार, आरती, भाषणं आणि फोटो. ४५ मिनिटांत हे बसत नाही, आणि गुरुजी व सेलेब्रंट यांची एकमेकांत ओढाताण होते. उपाय सोपा आहे. काम तीन जागी वाटा.

पहिली जागा फ्युनरल डायरेक्टरकडची. आंघोळ, कपडे, तुळस, गंगाजल, गुरुजींचे मंत्र तिथे शांतपणे होतात. आधी सांगितलं तर तास-दीड तास मिळतो. आईला नऊवारी नेसवायची असेल तर नेसवणारी बाई कुटुंबानेच आणावी, आणि वेळ दुप्पट धरावा. दुसरी जागा घर. दहनाच्या दिवशी सकाळी पेटी घरी आणता येते, फक्त दाराची आणि पॅसेजची रुंदी फ्युनरल डायरेक्टरला आधी मोजू द्या. टेरेस्ड (ओळीत एकमेकांना चिकटलेल्या) घरांच्या अरुंद पॅसेजमध्ये जिन्यापाशी पेटी वळत नाही. घरी पेटी २०-३० मिनिटांपेक्षा जास्त ठेवू नका, कारण पुढची गाडी रस्त्यात अडकली की कापला जातो तो क्रेमेटोरियममधला वेळ. तिसरी जागा चॅपल, म्हणजे क्रेमेटोरियममधलं सभागृह, आणि तिथे फक्त निरोप.

पेटीत काय ठेवता येतं याची यादी क्रेमेटोरियमकडून मागवून घ्या. भट्टीचं तापमान ८०० ते १००० अंश सेल्सिअसपर्यंत जातं. अख्खा नारळ आतल्या पाण्यामुळे फुटतो, म्हणून आग्रह धरू नका. काचेच्या बांगड्या वितळतात. बॅटरी असलेली कुठलीही वस्तू धोक्याची, आणि पेसमेकर तर काढावाच लागतो. चष्मा, रबरी तळव्याच्या चपला, बाटलीबंद गंगाजल नको. तूप चमचाभर ठीक, डबाभर नाही. फुलं, तुळस, सुती किंवा रेशमी वस्त्र, पत्र, जपाची लाकडी माळ चालते. मंगळसूत्र आणि अंगठीबद्दल मात्र लेखी विचारून घ्या. आत राहिलेलं सोनं परत मिळत नाही, आणि "काढायचं सांगितलं होतं" हा वाद मिटत नाही.

चॅपलमध्ये समई आणि उदबत्तीला परवानगी लागते. बऱ्याच ठिकाणी धुराचे सेन्सर असतात, आणि ते वाजले तर इमारत रिकामी करावी लागते. बॅटरीवरचे दिवे आणा. उजेड पुरतो, आणि वास नसल्याचं कोणी बोलून दाखवत नाही. कुंकू आणि ओल्या पाकळ्यांनी गालिच्यावर डाग पडतात, म्हणून पाकळ्या कोरड्या आणि परडीत ठेवा.

मिनिटांचा हिशेब

४५ मिनिटांच्या स्लॉटमधली वापरायची मिनिटं ३६ धरा. उरलेली ९ पेटी गाडीतून उतरवणं, लोक बसणं आणि बाहेर पडणं यात जातात. आम्ही साधारण असं वाटतो: प्रवेश आणि पहिलं गाणं ३, स्वागत आणि नावं २, जीवनकथा १०, दोन वक्ते मिळून ७, फोटो ३, फुलं ६, निरोपाचे शब्द आणि पेटीसमोरचा पडदा ओढणं २, शेवटचं गाणं आणि बाहेर पडणं ३. पंधरावा अध्याय हवा असेल तर त्याचे २० श्लोक संथ म्हणायला चार-पाच मिनिटं लागतात. मग फोटो काढून टाका किंवा एक वक्ता कमी करा. पसायदान शेवटच्या गाण्याच्या जागी छान बसतं, लोक उभे राहून म्हणतात आणि वेगळा वेळ मागत नाही.

फुलांची ६ मिनिटं नीट बघा, कारण कार्यक्रम बहुतेक इथेच फसतो. एका माणसाला पेटीपाशी येऊन फूल वाहून, नमस्कार करून बाजूला व्हायला ६ सेकंद लागतात. ६० माणसं म्हणजे ६ मिनिटं, आणि १५० माणसं म्हणजे १५. शिवाय आपल्याकडे कोणी पाया पडतं, कोणी पेटीवर डोकं टेकवतं, मागच्याला थांबावं लागतं. माणसं ६० च्या वर असतील तर फुलं फक्त जवळच्या कुटुंबाने वाहावीत. बाकीच्यांनी आत येतानाच परडीतून पाकळ्या घेऊन पेटीपाशी टाकत जावं. मग तोच वेळ प्रवेशाच्या गाण्यात जिरतो. किंवा सगळ्यांना बाहेर पडताना पेटीजवळून जाऊ द्या. त्यासाठी चॅपलचं बाहेरचं दार पुढच्या बाजूला आहे की नाही ते बघून या.

वक्त्यांचं दुखणं कायमचं आहे. "दोन शब्द बोलतो" म्हणणारा माणूस ११ मिनिटं बोलतो. प्रत्येकाला ३ मिनिटं द्या, म्हणजे ३०० शब्द, आणि लेखी भाषण दोन दिवस आधी मागवा. भाषण आलं की त्याची एक छापील प्रत स्वतःजवळ ठेवा. बोलता बोलता वक्ता रडला आणि पुढे बोलवेना, तर शेजारी जाऊन उभं राहायचं, १० सेकंद थांबायचं, तरी जमत नसेल तर त्या ओळीपासून पुढे आपण वाचायचं. ऐन वेळी उठून माईककडे येणारा असतोच. त्याला दाराशीच गाठून सांगा की जेवणाच्या वेळी बोलायला भरपूर वेळ आहे, आणि तो तिथे खरंच द्या.

कथा लिहिणं

मराठी संथ वाचताना मिनिटाला ९५ ते १०० शब्द होतात, इंग्रजी ११० ते १२०. म्हणजे १० मिनिटांना हजार शब्द पुरे. मोठ्याने वाचून घड्याळ लावा. मनातल्या मनात वाचलेलं नेहमी लवकर संपतं.

जन्म, शिक्षण, नोकरी, लग्न, मुलं, निवृत्ती हा क्रम म्हणजे बायोडेटा. तो दोन परिच्छेदांत उरका आणि उरलेली जागा एका-दोन गोष्टींना द्या. घरच्यांनी सांगितलेलं असतं: "काका बागकाम खूप आवडीने करायचे." यातून लिहिताना "काकांना निसर्गाची ओढ होती" असं होऊन जातं, आणि काका गायब होतात. परत फोन करा, विचारा काय लावायचे. मग कळतं की मार्चमध्ये खिडकीत दह्याच्या रिकाम्या डब्यांत मिरचीची रोपं असायची, प्रत्येक डब्यावर पेनने तारीख, आणि कोणी पडदा ओढला तर आरडाओरडा. आता वाक्य असं होतं: "मार्च उजाडला की या घराच्या पुढच्या खिडकीचा पडदा ओढायला कोणालाही परवानगी नव्हती." सभागृहात हशा येतो आणि त्या हशातच काका दिसतात. विशेषण एकही लागत नाही.

दोन भाषांचा प्रश्न असतोच. प्रत्येक वाक्य मराठीत सांगून मग इंग्रजीत सांगू नका. वेळ दुप्पट लागतो आणि दोन्हीकडची माणसं अर्धा वेळ कंटाळतात. कणा एका भाषेचा ठेवा, बहुतेक ठिकाणी इंग्रजीचा, कारण नातवंडं आणि शेजारी त्याच भाषेतले असतात. माणसाची स्वतःची वाक्यं, हाका आणि शेवटचा निरोप मराठीत ठेवा, आणि जिथे अर्थ सांगायचा तिथे एका ओळीत सांगा. मराठीत बोलताना "ते" आणि "तो" यातलं काय वापरायचं हे घरच्यांना विचारा. आईला कोणी "ती" म्हणतं, कोणी "त्या", आणि परक्या माणसाने "ती" म्हटलेलं खटकतं. सेलेब्रंट मराठी नसेल तर प्रत्येक नावाचा आवाज रेकॉर्ड करून पाठवा. नुसतं रोमन अक्षरांत लिहिलं तर "ळ" आणि "ज्ञ" हमखास घसरतात.

निरोपाच्या क्षणी इंग्रजीत ठरावीक वाक्यं आहेत, मराठीत नाहीत. बरं आहे. आपल्याकडे उंबरठ्यावरून निघताना "जातो" म्हणत नाहीत, "येतो" म्हणतात. बऱ्याच घरांत हीच गोष्ट निरोपाला उपयोगी पडते: त्यांची जाताना म्हणायची जी सवय होती तेच वाक्य, त्यांच्याच शब्दांत, आणि मग शांतता. मात्र त्याचा साचा करू नका. मंडळातल्या शंभर माणसांनी तुमचे तीन कार्यक्रम पाहिलेले असतात. चौथ्या वेळी तीच ओळ आली की त्यांना कळतं.

मसुदा एकाच माणसाकडे पाठवा, निदान तीन दिवस आधी. कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलात तर चौदा दुरुस्त्या येतील, त्यातल्या सहा एकमेकींच्या उलट.

गाणी, फोटो, थेट प्रक्षेपण

बऱ्याच क्रेमेटोरियममध्ये संगीत ऑबिटस किंवा वेस्ली मीडियासारख्या यंत्रणेवरून वाजतं. साठ्यात इंग्रजी गाणी भरपूर असतात, मराठी अभंग किंवा नाट्यपद सापडेलच असं नाही, आणि सापडलं तरी भलत्याच गायकाचं असतं. म्हणून फाइल स्वतः द्या, नाव रोमन अक्षरांत आणि पुढे क्रमांक: ०१ प्रवेश, ०२ फोटो, ०३ शेवट. अंतिम मुदत बहुधा दोन कामकाजाचे दिवस आधी असते, ती फ्युनरल डायरेक्टरकडून पक्की करून घ्या. पहिल्या गाण्याला लांबलचक आलाप असेल तर पेटी आत येऊन ठेवली जाईपर्यंत शब्दच सुरू होत नाहीत. आलाप कापायचा की नाही ते कुटुंबाला ऐकवून ठरवा.

फोटो २५ पुरेत. ७ सेकंदांप्रमाणे तीन मिनिटांच्या आत बसतात. ८० फोटो पाठवले जातात आणि मग प्रत्येकी दोन सेकंद येतात, कोणालाच काही दिसत नाही. लग्नाचा, नोकरीतला, एकट्याचा, नातवंडांसोबतचा, आणि तयारी न करता काढलेला एक, एवढे नक्की घ्या.

भारतातल्या नातेवाइकांसाठी प्रक्षेपणाची लिंक लागते. हिवाळ्यात भारत ५ तास ३० मिनिटं पुढे असतो, उन्हाळ्यात ४ तास ३० मिनिटं. जानेवारीत सकाळी १०:३० म्हणजे तिकडे दुपारी ४, आणि जुलैत दुपारी २ म्हणजे संध्याकाळी ६:३०. संदेशात दोन्ही वेळा लिहा. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं बदलतात, त्या आठवड्यात विशेष लक्ष द्या. सुरुवातीलाच "पुण्याहून, नागपूरहून बघणाऱ्या सगळ्यांना" असं म्हणा. कॅमेरा बहुधा मागच्या भिंतीवर असतो, पेटीसमोर उभं राहून बोललात तर तिकडे फक्त पाठ दिसते.

प्रत्यक्ष दिवस

४० मिनिटं आधी पोचा. चॅपल अटेंडंटला भेटा: पडद्याचं बटण कुठे, गाणं सुरू करायची खूण कोणती, माईक किती उंच होतो, वेळ संपत आल्याचा लाल दिवा आहे का. गाण्यांची यादी त्याच्या पडद्यावर डोळ्यांनी वाचा. मागच्या घरचं गाणं आपल्या यादीत आलेलं सापडतं ते इथेच. गाडी आली की पेटीवरच्या पाटीवरचं नाव वाचा. लोकांना वेळ देताना २० मिनिटं अलीकडची द्या. मराठी मंडळी वेळेवर येतात, फक्त वेळ त्यांची असते.

घरची माणसं खांदा देणार असतील तर उंचीने जोड्या लावा आणि पादत्राणांचे तळवे बघा. ओल्या फरशीवर चामडी तळवा घसरतो. पेटी पाय पुढे ठेवून आत येते. फ्युनरल डायरेक्टरचा माणूस हुकूम देतो, तो इंग्रजीत असतो, म्हणून एकदा बाहेरच सराव करून घ्या. खांदा जमत नसेल तर चाकांची गाडी घ्यायला संकोच करू नका.

संहिता जाड कागदावर, एका बाजूला छापलेली, इंग्रजी १६ आणि देवनागरी १८ पॉइंटमध्ये, पान परिच्छेदाच्या शेवटी संपणारं, पानांना क्रमांक आणि पिन नाही. टॅबलेट ऐन वेळी झोपतो. दुसरी प्रत अटेंडंटकडे ठेवा.

पडद्याबद्दल कुटुंबाशी आधी ठरवा. बंद करायचा की उघडा ठेवायचा? काहींना पडदा सरकणं असह्य होतं, काहींना त्याशिवाय निरोप झाला असं वाटत नाही. बटण दाबणं हे इथलं अग्नी देणं झालं आहे. कोण दाबणार हे विचारताना "थोरला मुलगा कोण?" असं म्हणू नका, "कोण दाबणार?" असं विचारा. बऱ्याच घरांत मुली दाबतात, आणि काही घरांत सगळ्यांचे हात एकावर एक. पेटी भट्टीत जाताना बघायचं असेल तर ते वेगळं आरक्षित करावं लागतं आणि मोजकीच माणसं आत घेतात. आकडा क्रेमेटोरियम सांगतं. जाणाऱ्यांना आधी सांगा की खोली साधी, कारखान्यासारखी असते, दार उघडल्यावर आवाज आणि उष्णता येते, आणि सगळं दोन-तीन मिनिटांत होतं. न सांगता आत नेलं तर माणसं हादरतात.

सेलेब्रंटने स्वतः रडू नये असं नाही, पण रडणं कुटुंबाच्या वाट्याचं आहे. गळा दाटला तर पान उलटा, पाणी प्या, पुढचं वाक्य हळू वाचा.

नंतर

अस्थी बहुधा एक-दोन दिवसांत मिळतात. दळलेल्या राखेच्या रूपात साधारण दोन ते तीन किलो असतात, तिसऱ्या दिवशी वेचायच्या अस्थींसारख्या नाहीत. हे कुटुंबाला आधी सांगितलेलं बरं. इंग्लंडमध्ये नदीत विसर्जन करता येतं. लेस्टरजवळ सोअर नदीवर हिंदू आणि शीख कुटुंबं जातात. पिण्याचं पाणी उचलतात त्या जागेच्या वर एक किलोमीटरच्या आत करू नये, आणि राखेबरोबर हार, प्लास्टिक, तांब्या पाण्यात सोडू नये. भारतात नेणार असाल तर मृत्यूचा दाखला आणि दहनाचा दाखला जवळ ठेवा, आणि राख धातूच्या कलशात भरू नका, विमानतळावरच्या एक्स-रेमध्ये आतलं दिसत नाही.

आठवडाभरात संहितेची स्वच्छ प्रत कुटुंबाला पाठवा. वर्षश्राद्धाला ती पुन्हा वाचली जाते. पीडीएफच पाठवा, कारण वर्डची फाइल दुसऱ्याच्या फोनवर उघडली की जोडाक्षरं फुटतात आणि आईचं नावच वाचता येत नाही. वहीतल्या टिपा, विशेषतः "हे बोलू नको" म्हणून सांगितलेलं ज्यांवर आहे ती पानं, फाडून टाका.